एका टीएमसीत किती लिटर? अकरा अंकी संख्या हातानं सोडवण्याची रीत

जायकवाडीचं पाणी टीएमसीत मोजलं जातं आणि घरातलं लिटरमध्ये. त्यामुळं पावसाळा लागला की मराठवाड्यातल्या अभ्यासिकांमध्ये 'एक टीएमसी म्हणजे किती लिटर' हा प्रश्न हमखास फिरतो. उत्तर बहुतेकांना येतं, पण अंदाजे. त्याच संख्येचे मूळ अवयव काढा, तिला विभाजक किती ते सांगा, पूर्ण वर्ग करायला कितीनं गुणावं लागेल ते शोधा, असं पुढं विचारलं की निम्म्या वह्यांत वेगवेगळी उत्तरं येतात. चुका मात्र ठरावीक जागीच होतात. म्हणून सगळी रीत एकाच संख्येवर, पायरीपायरीनं खाली दिली आहे. ती हाताखालून गेली की दुसरी कुठलीही मोठी संख्या याच क्रमानं सोडवता येते.

## आधीची तयारी

चौकटीची वही घ्या. अकरा अंकी संख्येत एक अंक खाली-वर सरकला की सगळं पाणी वाहून जातं, आणि एका घरात एक अंक लिहिला तर तो सरकत नाही.

शेजारी दोन यादी हव्यात. एक २०० पर्यंतच्या मूळ संख्यांची, दुसरी १ ते १० च्या घनांची. घनांच्या यादीत शेवटच्या अंकाखाली रेघ मारा: १, ८, २७, ६४, १२५, २१६, ३४३, ५१२, ७२९, १०००. शेवटचे अंक सगळे वेगळे आहेत. पाचव्या पायरीला याचा उपयोग होणार आहे.

कॅल्क्युलेटर वापरणार असाल तर दुकानात हिशेबाला ठेवतात तसला बारा अंकी घ्या. दहा अंक दाखवणारा सायंटिफिक कॅल्क्युलेटर इथं घात करतो, कसा ते लगेच कळेल.

लिहिण्याची एक खूण ठरवून घेऊ. २^९ म्हणजे २ चा नववा घात, म्हणजे २ नऊ वेळा घेऊन केलेला गुणाकार.

## पायरी १: संख्या नेमकी मिळवा

टीएमसी म्हणजे एक हजार दशलक्ष घनफूट, म्हणजेच १ वर नऊ शून्यं इतके घनफूट. १९५९ च्या आंतरराष्ट्रीय करारापासून एक फूट म्हणजे नेमका ०.३०४८ मीटर. 'सुमारे' नाही, नेमका. घनमीटरमध्ये १००० लिटर असतात. आता हिशेब असा:

०.३०४८ × ०.३०४८ × ०.३०४८ = ०.०२८३१६८४६५९२ घनमीटर

म्हणजे एका घनफुटात २८.३१६८४६५९२ लिटर. त्याला १ वर नऊ शून्यांनी गुणलं की दशांशचिन्ह नऊ घरं उजवीकडं सरकतं आणि बरोबर शेवटी येऊन संपतं:

२८३१६८४६५९२

एका टीएमसीत इतके लिटर. अपूर्णांक उरलाच नाही, आणि ही संख्या म्हणजे दुसरंतिसरं काही नसून ३०४८ × ३०४८ × ३०४८ आहे. हातानं ताडून बघा: ३०४८ × ३०४८ = ९२९०३०४. त्याला ३००० नं गुणून २७८७०९१२००० आणि ४८ नं गुणून ४४५९३४५९२. दोन्हींची बेरीज करा.

सावधान. बातमीत '२८.३ अब्ज लिटर' लिहिलेलं असतं आणि वाचायला ते पुरेसं आहे. पण २८३०००००००० चे मूळ अवयव काढले तर २^८ × ५^८ × २८३ येतात, आणि त्यांचा खऱ्या उत्तराशी काही संबंध नाही. दहा अंकी कॅल्क्युलेटर तर आणखी फसवतो. तो शेवटचा अंक दाखवत नाही, मुलं तिथं शून्य धरतात आणि संख्या २८३१६८४६५९० होते. फरक फक्त दोनाचा. तेवढ्यानं २ चा घात नऊवरून एकवर येतो, ३ नाहीसा होतो, १२७ जातो आणि कुठून तरी ५ येऊन बसतो. अवयव काढायचे असतील तर संख्या शेवटच्या अंकापर्यंत खरीच हवी.

## पायरी २: स्वल्पविराम कुठं द्यायचे ते ठरवा

आपल्या पद्धतीनं ही संख्या २८,३१,६८,४६,५९२ अशी लिहितात. वाचायची '२८ अब्ज ३१ कोटी ६८ लाख ४६ हजार ५९२'. 'अब्ज' तोंडात बसत नसेल तर '२८३१ कोटी ६८ लाख ४६ हजार ५९२' म्हणा, मराठी माणूस बहुतेकदा तसंच म्हणतो.

पण गणिताच्या कसोट्यांसाठी उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट लागतात: २८ | ३१६ | ८४६ | ५९२. दोन्ही मांडण्या वहीत एकाखाली एक लिहून ठेवा. पुढच्या पायरीतली निम्मी चूक लाख-कोटीचे गट घेऊन कसोटी लावल्यामुळं होते. ती कसोटी तीनाच्या गटांवरच उभी आहे.

तपासा: एकूण अंक ११, गट ४, डावीकडचा गट दोनच अंकांचा.

## पायरी ३: भागाकार न करता काय काय कळतं

शेवटचा अंक २. संख्या सम आहे, ५ नं भाग जात नाही. शेवटचे तीन अंक ५९२, ते ८ × ७४, म्हणून ८ नं भाग जातो. शेवटचे चार ६५९२, ते १६ × ४१२, म्हणून १६ नंही जातो. २ च्या घाताची कसोटी अशीच वाढत जाते: जितवा घात, तितके शेवटचे अंक.

अंकांची बेरीज: २+८+३+१+६+८+४+६+५+९+२ = ५४. ५४ ला ९ नं भाग जातो, म्हणून संख्येलाही जातो.

इथं थांबा. ५४ ला २७ नंही भाग जातो, म्हणून 'संख्येलाही २७ नं जातो' असं बरेच जण लिहून मोकळे होतात. आपल्या संख्येला तो खरंच जातो, म्हणून गुण मिळतात आणि चुकीची सवय पक्की होते. अंकांच्या बेरजेची कसोटी ३ आणि ९ पुरतीच आहे. १८९९ घ्या. बेरीज २७, पण १८९९ = ९ × २११, आणि २११ ला ३ नं भाग जात नाही. उलट बाजूनंही बघा: २७ ला २७ नं भाग जातो, पण तिच्या अंकांची बेरीज ९ च आहे.

आता ७, ११ आणि १३ या तिघांची एकत्र कसोटी. ७ × ११ × १३ = १००१, त्यावर ही बसवली आहे. तीनाच्या गटांची उजवीकडून वजा-अधिक-वजा अशी आळीपाळीनं मांडणी करा:

५९२ − ८४६ + ३१६ − २८ = ३४

३४ ला ७ नं भागल्यावर बाकी ६, ११ नं भागल्यावर १, १३ नं भागल्यावर ८. तिघांपैकी एकानंही निःशेष भाग जात नाही, आणि मूळ संख्येला भागल्यावर याच बाक्या येतात. एका ओळीत तीन भागाकार वाचले. ही कसोटी शाळेत फारशी घोटून घेत नाहीत, घ्यायला हवी.

या बाक्या वहीच्या कोपऱ्यात लिहून ठेवा. त्या पहारेकऱ्याचं काम करतात. समजा संख्या उतरवताना ४६ चे ६४ झाले आणि २८३१६८६४५९२ लिहिली गेली. अंकांची बेरीज ५४ च राहते, नवाच्या कसोटीला काही कळत नाही. पण ५९२ − ८६४ + ३१६ − २८ = १६, आणि ११ ची बाकी ५ येते. १ यायला हवी होती. शेजारच्या अंकांची अदलाबदल ११ ची कसोटी पकडते, ९ ची पकडत नाही.

## पायरी ४: मूळ अवयव काढा

बाकी सगळं या पायरीवर अवलंबून आहे, म्हणून वेळ इथं घाला.

क) आधी २ काढा, पूर्ण काढा. निम्मी-निम्मी करत जा:

१४१५८४२३२९६
७०७९२११६४८
३५३९६०५८२४
१७६९८०२९१२
८८४९०१४५६
४४२४५०७२८
२२१२२५३६४
११०६१२६८२
५५३०६३४१

नऊ ओळी, आणि शेवटची संख्या विषम. म्हणून २^९. ओळी मोजताना मूळ संख्या धरू नका, नाहीतर दहा होतात. ८ नं भाग जातो हे कळलं की २^३ लिहून पुढं सरकायची घाई बऱ्याच जणांना असते. विषम संख्या येईपर्यंत थांबायचं नाही.

ख) मग ३. ५५३०६३४१ च्या अंकांची बेरीज २७, ३ नं भागून १८४३५४४७. बेरीज ३६, भागून ६१४५१४९. बेरीज ३०, भागून २०४८३८३. बेरीज २८, आता जात नाही. तीन वेळा गेला, म्हणून ३^३. २७ चा निकाल आता खरा लागला.

तपासा: ५१२ × २७ × २०४८३८३ केल्यावर मूळ संख्या परत यायला हवी. इथंच करून घ्या, पुढं गेल्यावर चूक सापडायला अवघड जाते.

ग) उरले २०४८३८३. बहुतेक वह्या इथं थांबतात. ७, ११, १३, १७, १९ नं भाग जात नाही असं बघून 'ही मूळ संख्या आहे' असं लिहिलं जातं. कुठपर्यंत तपासायचं याचा नियम ठरलेला आहे: उरलेल्या संख्येच्या वर्गमुळापर्यंत. १४३१ चा वर्ग २०४७७६१ आणि १४३२ चा २०५०६२४, म्हणून १४३१ पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्या तपासल्याशिवाय तिला मूळ म्हणता येत नाही. १९ वर थांबणं म्हणजे पैठणला जायला निघून बिडकीनलाच उतरण्यासारखं आहे.

यादीप्रमाणं चालत राहिलात तर ५ पासून ११३ पर्यंतच्या २८ मूळ संख्या एकामागून एक बाकी ठेवत जातात. ११३ नंतरची मूळ संख्या थेट १२७ आहे. यादी तोंडपाठ नसलेला माणूस मध्येच ११७, ११९, १२१ नं भागत बसतो. ११७ = ९ × १३, ११९ = ७ × १७, १२१ = ११ × ११. ७, ११, १३ आधीच नापास झालेत, मग त्यांच्या पटींना विचारण्यात वेळ कशाला घालवायचा?

१२७ नं भागा: २०४८३८३ ÷ १२७ = १६१२९. पुन्हा १२७ नं: १६१२९ ÷ १२७ = १२७. म्हणजे १२७^३.

१२७ स्वतः मूळ आहे का? तिचं वर्गमूळ १२ पेक्षा कमी, म्हणून २, ३, ५, ७, ११ एवढंच तपासायचं. ७ ची बाकी १, ११ ची बाकी ६. मूळ आहे.

अंतिम मांडणी: २८३१६८४६५९२ = २^९ × ३^३ × १२७^३

तपासा: ३०४८ = ८ × ३ × १२७ = २^३ × ३ × १२७. याचा घन करताना प्रत्येक घातांकाला ३ नं गुणायचं: ३ चे ९, १ चे ३, १ चे ३. जुळलं. इथं २ चा घातांक २७ लिहिणारेही भेटतात. त्यांनी ३ ला ३ नं गुणण्याऐवजी ३ चा घन केलेला असतो.

## पायरी ५: पूर्ण घन आहे का, पूर्ण वर्ग आहे का

सगळे घातांक ३ च्या पटीत: ९, ३, ३. म्हणून पूर्ण घन. पूर्ण वर्गासाठी सगळे घातांक सम हवेत. इथं तिन्ही विषम आहेत, म्हणून पूर्ण वर्ग नाही.

घनमूळ थेट ओळखायची युक्तीही शिकून ठेवा. तीनाचे चार गट आहेत, म्हणून घनमूळ चार अंकी. डावीकडचा गट २८, त्याच्या आतला मोठ्यात मोठा घन २७, म्हणून पहिला अंक ३. शेवटचा अंक २, आणि घनांच्या यादीत २ नं संपणारा एकच, ५१२, म्हणून शेवटचा अंक ८. तीन हजार काहीतरी आठ. २०४८३८३ वरही हेच चालतं: १२० चा घन १७२८०००, १३० चा २१९७०००, शेवटचा अंक ३ म्हणजे घनमुळाचा ७. उत्तर १२७. अठ्ठावीस भागाकार वाचले.

मात्र ही युक्ती संख्या पूर्ण घन आहे असं गृहीत धरते. २०४८३९३ दिली असती तरी युक्तीनं १२७ च सांगितलं असतं. गुणाकार करून ताडल्याशिवाय उत्तर लिहू नका.

पूर्ण वर्ग करायला लहानात लहान कितीनं गुणावं? तिन्ही घातांकांना एकेक कमी आहे: २ × ३ × १२७ = ७६२. गुणल्यावर ४६४५१५२ चा वर्ग मिळतो. भागायचं असेल तरी ७६२ नंच, मग ३७१६१२१६ मिळतात आणि तो ६०९६ चा वर्ग. ७६२ हा आकडा लातूरच्या जुन्या माणसांना वेगळ्याच कारणानं ओळखीचा असेल. बार्शी लाइटची ती छोटी गाडी ज्या रुळांवर धावायची, त्यांच्यामधलं अंतर अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर. योगायोग नव्हे, दोन्हीकडं फूटच लपलेला आहे: ३०४८ चा पाव भाग ७६२.

## पायरी ६: एकूण विभाजक मोजा

प्रत्येक घातांकात १ मिळवा आणि गुणाकार करा: १० × ४ × ४ = १६०.

१ का मिळवायचा? विभाजक तयार करताना २ एकदाही न घेण्याची मुभा आहे. शून्यापासून नऊपर्यंत दहा पर्याय होतात. ३ चे चार, १२७ चे चार. हे कारण ध्यानात ठेवलं तर सूत्र विसरलं तरी अडत नाही.

वह्यांत दिसणारी चुकीची उत्तरं दोन: ८१, म्हणजे ९ × ३ × ३, आणि १५, म्हणजे ९ + ३ + ३. ८१ बघूनच शंका यायला हवी. विभाजक जोड्यांनी येतात, एका विभाजकानं भागलं की त्याचा जोडीदार मिळतो. एकूण संख्या विषम यायची तर एक विभाजक स्वतःचाच जोडीदार हवा, आणि ते फक्त पूर्ण वर्गात घडतं. आपली संख्या पूर्ण वर्ग नाही, म्हणून उत्तर सम यायलाच हवं.

पोटप्रश्न नेहमीचे आहेत. विषम विभाजक हवे असतील तर २ घ्यायचाच नाही: ४ × ४ = १६. सम मग १४४. पूर्ण वर्ग असलेले विभाजक: २ चे घात ०, २, ४, ६, ८ असे पाच, ३ चे दोन, १२७ चे दोन, एकूण २०. पूर्ण घन असलेले: ४ × २ × २ = १६.

## पायरी ७: विभाजकांची बेरीज

तीन कंस मांडा आणि त्यांचा गुणाकार करा:

२ साठी: १ + २ + ४ + … + ५१२ = १०२३
३ साठी: १ + ३ + ९ + २७ = ४०
१२७ साठी: १ + १२७ + १६१२९ + २०४८३८३ = २०६४६४०

१०२३ × ४० = ४०९२०. त्याला २०६४६४० नं गुणून ८४४८५०६८८००, म्हणजे ८४,४८,५०,६८,८००.

कंसातला १ विसरणं ही इथली सर्वांत महागडी चूक. तो गेला की नुसता १ कमी होत नाही, त्या मूळ संख्येशिवायचे सगळे विभाजक गळतात.

तपासा: १०२३ = ३ × ११ × ३१, म्हणून बेरजेला ११ नं भाग जायलाच हवा. ८०० − ६८ + ४८५ − ८४ = ११३३ = ११ × १०३. जातो.

यातून संख्या स्वतः वजा केली तर ५६,१६,८२,२२,२०८ उरतात. संख्येपेक्षा कितीतरी जास्त, जवळजवळ दुप्पट. पण 'स्वतःला सोडून बाकी विभाजकांची बेरीज स्वतःपेक्षा मोठी का' एवढंच विचारलं असेल तर हा गुणाकार करायची गरजच नव्हती. ६ ही परिपूर्ण संख्या आहे, १ + २ + ३ = ६, आणि परिपूर्ण संख्येच्या प्रत्येक मोठ्या पटीत ही बेरीज त्या संख्येपेक्षा जास्तच भरते. आपली संख्या ६ च्या पटीत आहे, विषय संपला. शिवाय २^६ × १२७ = ८१२८, म्हणजे चौथी परिपूर्ण संख्याही हिच्या विभाजकांत आहे. मधल्या दोन, २८ आणि ४९६, नाहीत, कारण त्यांना ७ आणि ३१ लागतात.

## पायरी ८: सामाईक विभाजक नसलेल्या संख्या

१ पासून आपल्या संख्येपर्यंत अशा किती संख्या आहेत, ज्यांचा हिच्याशी १ शिवाय सामाईक विभाजक नाही? पाळीपाळीनं गाळा. निम्म्या घालवा: १४१५८४२३२९६. उरल्यातला तिसरा हिस्सा घालवा: ९४३८९४८८६४. उरल्यातला १२७ वा हिस्सा, ७४३२२४३२, घालवा: ९३६४६२६४३२. उत्तर ९,३६,४६,२६,४३२. घातांकांचा इथं संबंध येत नाही, प्रत्येक मूळ अवयव एकदाच वापरायचा. प्रत्येक वेळी हिस्सा उरलेल्या संख्येचा काढायचा, मूळ संख्येचा नाही.

## पायरी ९: उत्तर पाण्यावर लावून बघा

या संख्येत ५ नाही. एवढ्या एका गोष्टीवरून कळतं की ५,०००, १०,०००, १२,००० किंवा २०,००० लिटरच्या टँकरनं एक टीएमसी कधीच बरोबर संपणार नाही. १२,००० च्या टँकरचा हिशेब: २३,५९,७३७ टँकर भरतात आणि २५९२ लिटर उरतात. २० लिटरच्या जारचं तेच. पण १२ लिटरचा हंडा घेतलात तर १२ = २^२ × ३, दोन्ही अवयव संख्येत आहेत, म्हणून थेंबही न उरता २,३५,९७,३७,२१६ हंडे. १६ लिटरची घागरही बसते, १५ ची बसत नाही.

२०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणलं, तेव्हा ५० वाघिणींच्या खेपेत २५ लाख लिटर पाणी होतं. २५ लाख = २^५ × ५^७. भाग निःशेष जाणार नाही हे आधीच ठरलं. ११,३२६ खेपा भरून १८,४६,५९२ लिटर उरतात, म्हणजे एका टीएमसीला ११,३२७ खेपा.

धरणाच्या आकड्यांसाठी दशलक्ष घनमीटर वापरतात, बातमीत 'दलघमी'. एक दलघमी म्हणजे १ अब्ज लिटर, म्हणून एक टीएमसी २८.३१६८४६५९२ दलघमी. जायकवाडीचा एकूण साठा २९०९ दलघमी, त्यातला जिवंत साठा २१७१. टीएमसी करायला भागायचं, गुणायचं नाही. २९०९ ला २८.३१७ नं भागून १०२.७ च्या आसपास येतात. ८२ हजार आले तर तुम्ही गुणलंत. आणि इथं अकरा अंक वापरू नका. २९०९ हा आकडाच पूर्णांकात दिलेला असताना उत्तर दशांशाच्या नऊ घरांपर्यंत लिहिण्यात अर्थ नाही.

## सरावाला आपलेच पिन कोड

सहा अंकी आहेत, फुकट मिळतात आणि प्रत्येकात एक वेगळा सापळा आहे. आधी सोडवा, मग खाली बघा.

छत्रपती संभाजीनगर, ४३१००१. अंकांची बेरीज ९. एकदा ९ नं भागून लोक थांबतात, पण उरलेल्या ४७८८९ ची बेरीज ३६ आहे, पुन्हा ९ नं जातो. मग ५३२१ उरतात आणि ती १७ × ३१३. उत्तर ३^४ × १७ × ३१३, विभाजक २०.

नांदेड, ४३१६०१. ३ एकदाच जातो. उरलेल्या १४३८६७ ला ४७ पर्यंत धीर धरावा लागतो. उत्तर ३ × ४७ × ३०६१. ३०६१ मूळ आहे हे ठरवायला ५३ पर्यंत तपासा.

लातूर, ४१३५१२. तीनदा निम्मी करून ५१६८९, ११ नं भागून ४६९९. इथं 'मूळ' लिहायचा मोह होतो, पण ४६९९ = ३७ × १२७. उत्तर २^३ × ११ × ३७ × १२७, विभाजक ३२. १२७ पुन्हा भेटला, म्हणून या पिन कोडचा आणि टीएमसीच्या संख्येचा मसावि काढा. सामाईक मूळ अवयवांचे लहान घातांक घ्यायचे: २^३ × १२७ = १०१६.

धाराशिव, ४१३५०१. ५०१ − ४१३ = ८८, म्हणून ११ नं भाग जातो, ३७५९१ उरतात. आता १९३ पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्या लावा. एकही लागत नाही. १७९ ला बाकी १ राहते, म्हणून तो भागाकार दोनदा करून बघा. उत्तर ११ × ३७५९१, विभाजक फक्त ४.